इंदापूरची नोंदवही का बंद पडली? १८३० च्या एका बिघाडाचा शोध

१/
इंदापूर तालुक्यातील कळस असो वा महाराष्ट्रातील दुसरे कोणतेही गाव, सातबारा काढायला गेलेल्या शेतकऱ्याच्या कानी ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द कधी ना कधी पडलेले असतात. शब्द नवे आहेत, दुखणे मात्र जुने आहे. जमिनीची मोजणी, प्रतवारी आणि आकारणी एकाच गणिती सूत्रात बांधणारी एक नोंदव्यवस्था १८३० च्या सुमारास याच तालुक्यात लागू झाली आणि पाचएक वर्षांत तिचा पुरता बोजवारा उडाला. तिचा बिघाड नेमका कोठे होता, तो कोणी व कसा शोधला, आणि दुरुस्तीनंतरही काय राहून गेले, याचा हा वृत्तांत.

२/
आरंभी आजच्या यंत्राविषयी थोडेसे, कारण तुलनेला ते उपयोगी पडेल. डेटाबेस सर्व्हर सुरू होताना बटण दाबताच उघडत नाही. तो आधी आपली मांडणी सांगणारी फाइल वाचतो, ठरलेले पोर्ट मोकळे आहे का ते पाहतो (मायएसक्यूएलसाठी ते बहुधा ३३०६, पोस्टग्रेससाठी ५४३२), डिस्कवर जागा व फाइली उघडण्याची परवानगी आहे का हे तपासतो. त्यानंतर सर्वांत महत्त्वाचे काम येते, ते म्हणजे लॉग वाचण्याचे.

३/
लॉग म्हणजे काय, हे मराठी दप्तराच्या भाषेत चटकन कळते. पेढीवर वा सरकारी दप्तरात व्यवहार घडताच तो प्रथम रोजकीर्दीत उतरे. खतावणीत त्याची खातेवार नोंद मागाहून होई. मध्येच काम थांबले, तर खतावणी अपुरी राही, पण रोजकीर्दीवरून ती पुरी करता येई. डेटाबेसही बदल आधी लॉगमध्ये लिहितो, मग मूळ फाइलीत. वीज गेली, संगणक अकस्मात बंद पडला, तर पुढच्या वेळी तो लॉग वाचून पुरे झालेले व्यवहार पुन्हा बसवतो व अर्धवट राहिलेले मागे घेतो. आय.बी.एम.मधील सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली या पद्धतीची जी शास्त्रशुद्ध मांडणी प्रसिद्ध केली, ती ‘एरीज’ या नावाने ओळखली जाते.

४/
खतावणी व रोजकीर्द यांचा मेळ बसत नसेल, तर सर्व्हर उघडायला नकार देतो. हा नकार म्हणजे सावधगिरी होय; खोटे उत्तर देण्यापेक्षा उत्तर न देणे बरे. अशा वेळी उतावळा मनुष्य दोन चुका करतो. पहिली म्हणजे सक्ती. मायएसक्यूएलमध्ये सक्तीने सुरू करण्याच्या १ ते ६ अशा पायऱ्या आहेत, आणि चौथ्या पायरीपासून पुढे माहिती कायमची बिघडू शकते. दुसरी चूक म्हणजे लॉग पुसून टाकून सारे नव्याने मांडणे. जाणता मनुष्य आधी असेल त्या स्थितीत प्रत काढून ठेवतो, लॉग वाचतो आणि एकेका थराची वेगळी परीक्षा करतो. इंदापुरात या दोन्ही चुका घडल्या आणि अखेर तिसरा मार्गही तेथेच सापडला.

५/
१८१८ साली पेशवाई संपली तेव्हा गावचा हिशेब कुलकर्ण्याच्या दप्तरात होता. पेशवाईतील ‘कमाल’ आकारणीचे आकडे त्यात होते. परंतु प्रत्यक्ष वसूल किती घ्यायचा हे पीकपाणी, गावची ऐपत आणि पाटलाशी होणारी बोलाचाली यांवर ठरे. मिरासदार व उपरी यांचे हक्क निराळे होते. कोणाची जमीन कोठवर, कोणत्या कुटुंबाने कोणता वाटा उचलायचा, यांतील पुष्कळशी माहिती कागदावर कमी आणि गावकऱ्यांच्या स्मरणात अधिक होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मक्तेदारीने ही घडी आधीच विसकटली होती. बाहेरून आलेल्या अंमलदाराला हे दप्तर दुर्बोध वाटले, यात नवल नाही.

६/
रॉबर्ट कीथ प्रिंगल हा कंपनी सरकारचा तरुण अधिकारी इंग्लंडमधील हेलीबरी येथील महाविद्यालयात शिकून आलेला होता. अर्थशास्त्रज्ञ माल्थस तेथेच शिकवीत असे. रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धांताचा प्रिंगलवर गाढ प्रभाव होता. शेताच्या एकूण उत्पन्नातून मशागतीचा सारा खर्च वजा करावा, उरेल ते निव्वळ उत्पन्न, आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे, असे त्याचे सूत्र होते. कागदावर ते निर्दोष दिसे. प्रत्येक शेताला त्याच्या खऱ्या कसाप्रमाणे सारा बसेल, पाटील-कुलकर्ण्यांची मनमानी संपेल आणि गरीब रयतेला न्याय मिळेल, अशी त्यामागची भावना होती. हेतू वाईट नव्हता, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

७/
या सूत्राला चालण्यासाठी लागणारी माहिती मात्र अफाट होती. प्रत्येक शेताचे अचूक क्षेत्रफळ हवे, मातीची प्रत हवी, प्रत्येक प्रतीच्या जमिनीत कोणते पीक किती येते हे हवे. बैल, बियाणे, मजुरी यांचा खर्च हवा आणि धान्याचा भावही हवा. यातील एक आकडा चुकला, तर त्यापुढचा प्रत्येक आकडा चुकणार. निव्वळ उत्पन्न ही तर वजाबाकी. एकूण उत्पन्नाचा अंदाज थोडासा फुगला, तरी वजाबाकीनंतर उरणारी बाकी दुपटीने फुगू शकते. समजा, एकरी उत्पन्न दहा रुपयांचे व खर्च आठ रुपयांचा आहे; बाकी दोन. उत्पन्न चुकून बारा धरले, की बाकी चार होते. अंदाजातील चूक पाचव्या हिश्शाची, साऱ्यातील चूक दुपटीची.

८/
आणि चुका तर पायापासूनच होत्या. मोजणी व प्रतवारी करणारे कारकून घाईत नेमलेले, अपुऱ्या देखरेखीखालचे. ज्याने हात ओला केला त्याची काळी जमीन बरड ठरली, ज्याने केला नाही त्याची बरड जमीन काळी झाली. भरीस भर म्हणून त्या वर्षांत धान्याचे भाव घसरले, आणि सारा तर रोख रकमेत ठरलेला. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधला हा तालुका पर्जन्यछायेतला. त्यात पाऊस फसला की कर्ज हाच आधार. सूत्रात अवर्षणाला जागा नव्हती.

९/
नोंदवही ‘सुरू’ झाली होती खरी, पण ती खोटी उत्तरे देत होती. अशा वेळी थांबून तपासणी करण्याऐवजी सक्तीचा मार्ग पत्करला गेला. सारा वसूल होईना तेव्हा रयतेवर बळजबरी झाली, छळ झाला. मुंबई सरकारच्या १८७२-७३ च्या प्रशासकीय अहवालाने पुढे हे स्वतःच मान्य केले. लोक घरेदारे सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले, आणि काही भागांत लागवडयोग्य जमिनीपैकी जेमतेम एक तृतीयांशच वहिवाटीत उरली, असे त्यात नमूद आहे. चुकीच्या आकड्याची किंमत अशी ओसाड शिवारांत मोजली गेली.

१०/
१८३५ साली पुणे जिल्ह्यातील हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड या तरुण मुलकी अधिकाऱ्याकडे इंदापूरचे काम आले. त्याच्या जोडीला बॉम्बे एंजिनिअर्समधील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट आला. दोघेही ऐन तारुण्यात होते. त्यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते: प्रिंगलचेच आकडे सूट देत देत रेटणे, किंवा सारे दप्तर फेकून देणे. त्यांनी यांपैकी एकही पूर्णतः स्वीकारला नाही. मोजणीचा थर वेगळा, प्रतवारीचा वेगळा, दराचा वेगळा, असे करून प्रत्येकाची त्यांनी स्वतंत्र परीक्षा मांडली.

११/
पहिले पाऊल म्हणजे मागची वाट तपासणे. मागील वर्षांची लागवड किती, मागणी किती, प्रत्यक्ष वसूल किती, सूट किती, बाकी किती, हे त्यांनी वर्षानुवर्षे मांडले. विंगेटच्या पद्धतीत हे आकडे आलेखाच्या रूपाने काढले जात, म्हणजे कोणत्या वर्षी मागणीची रेषा चढली आणि लागवडीची रेषा उतरली, हे एका दृष्टिक्षेपात कळे. ही या व्यवस्थेची रोजकीर्द होती. जमीन किती सारा देऊ शकते हे सिद्धांत सांगत नव्हता. ते या जुन्या वसुलीने सांगितले. लॉग वाचणे ते हेच.

१२/
दुसरे पाऊल अधिक मूलगामी होते. प्रिंगलच्या सूत्रात दोन प्रश्न एकत्र गुंतले होते: एकंदर भागाने किती सारा द्यावा, आणि तो शेताशेतांत कसा वाटावा. गोल्डस्मिड व विंगेट यांनी ते सोडवून वेगळे केले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मागील वसूल, पाऊसमान, बाजारपेठेचे अंतर आणि लोकांची स्थिती पाहून द्यायचे. दुसऱ्याचे उत्तर जमिनीच्या केवळ तुलनात्मक कसावरून. ‘हे शेत किती पिकवते?’ या अवघड प्रश्नाच्या जागी ‘हे शेत त्या शेताच्या मानाने कसे आहे?’ हा सोपा आणि पडताळून पाहता येणारा प्रश्न आला. निव्वळ उत्पन्नाचे गणित बाद झाले.

१३/
प्रतवारीची रीत पुढे ठरून गेली ती अशी. शेताच्या नकाशाचे लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात माती किती खोल आहे ते हातांत मोजायचे. उत्तम पोताची काळी जमीन पावणेदोन हात खोल असेल तर ती १६ आण्यांची; दीड हात असेल तर १४, सव्वा हात १२, एक हात १०, पाऊण हात ८, अर्धा हात ६ आणि पाव हात साडेचार आण्यांची. चुनखडी, वाळूचा अंश, उतार, पाणी साचणे असे दोष ठरलेल्या खुणांनी नोंदवायचे. प्रत्येक दोषाला जमीन एक प्रत खाली उतरायची. म्हणजे एक हात खोल काळी जमीन १० आण्यांची. तिच्यात चुनखडी असेल तर ती ८ आण्यांची झाली. भागाचा सर्वोच्च दर एकरी एक रुपया धरला, तर त्या जमिनीला आठ आणे सारा. शेतकऱ्याला हे गणित बांधावर उभे राहून समजत असे आणि पटले नाही तर तक्रारही करता येत असे.

१४/
मोजणीसाठी ३३ फुटांची साखळी होती. तिच्या एका चौरसाचा एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. गुंठा, आणेवारी, सर्व्हे नंबर हे शब्द आज घराघरांत बोलले जातात, त्यांचा मूळ संदर्भ हा आहे. कारकुनांच्या कामाचा काही भाग वरिष्ठाने स्वतः पुन्हा मोजून पाहायचा, अशी तपासणीची शिस्त लागली. प्रिंगलच्या वेळी याच शिस्तीचा अभाव होता. सूत्र चुकले ते चुकलेच. पण सूत्रात शिरणारी माहिती तपासलीच गेली नव्हती, हा अधिक खोलवरचा दोष होता.

१५/
१८३६ पासून इंदापूरला नवे दर लागू झाले आणि ते ३० वर्षे बदलणार नाहीत अशी हमी मिळाली. पडीक जमीन हळूहळू लागवडीखाली आली. एका तालुक्यात पारखून घेतलेली ही पद्धत मग इतर तालुक्यांत गेली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले, आणि पुढे मुंबई इलाखा व वऱ्हाड येथे तीच रूढ झाली. आधी एक तालुका, मग इलाखा, हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रिंगलच्या योजनेत चूक झाली ती एकाच वेळी सर्वत्र झाली होती.

१६/
येथे कथा संपवली तर ती खोटी ठरेल. दुरुस्त झालेल्या नोंदवहीतही एक रकाना नव्हताच. शेत कोणाच्या नावे आहे व सारा कोण भरतो, हे तीत होते. त्या शेतावर कोणाचे किती कर्ज आहे, हे नव्हते. उलट, जमिनीचा कब्जा वारसाने मिळणारा व विकता येणारा ठरल्याने तो सावकाराकडे गहाण पडणे सोपे झाले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखते दर तीन वर्षांनी नवी करून घेतली जाऊ लागली आणि प्रत्येक नव्या खतात व्याज मुद्दलात मिसळले जाऊ लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढलेला भाव पाहून जमिनीची ऐपत वाढल्याचे गृहीत धरले गेले. १८६७ साली इंदापूरच्या फेरआकारणीत सारा वाढला. पुढे भाव उतरले.

१७/
१२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. त्याचे लोण भीमथडी, इंदापूर आणि आसपासच्या तालुक्यांत पोचले. या दंगलीचे वैशिष्ट्य हे की, लोकांचा रोख प्रामुख्याने कर्जखतांवर होता. सावकाराकडून खते मागायची, ती मिळाली की जाळायची. जी नोंद आपल्या विरुद्ध साक्ष देते आणि जिची प्रत आपल्या हाती नाही, तिचा निकाल लोकांनी आगीने लावला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांचे दस्त गावनोंदणी अधिकाऱ्यापुढे करण्याची सोय केली, ती या अनुभवातून. १९०३ च्या कायद्याने ‘अधिकार अभिलेख’ आला, आणि जमिनीवरील हक्क व बोजे यांची नोंद प्रथमच नियमितपणे होऊ लागली. आजचा गाव नमुना सात हा त्याचा वारस. त्याखाली पिकांचा नमुना बारा जोडला की सातबारा होतो. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, ही त्याची रोजकीर्द. बदल आधी फेरफारात, मग सातबाऱ्यावर, हाच क्रम येथेही आहे.

१८/
एकविसाव्या शतकात हाच सातबारा संगणकावर चढला. हस्तलिखित उताऱ्यांवरून माहिती भरली गेली तेव्हा नाव चुकणे, क्षेत्राचा दशांश सरकणे, फेरफाराचा क्रमांक सुटणे, असे दोष तिच्यासोबत आत आले. सर्व्हर बंद असणे हा दिसणारा बिघाड; तो काही तासांत मिटतो. सर्व्हर चालू असून उताऱ्यावर चुकीचे क्षेत्र छापले जाणे हा न दिसणारा बिघाड, आणि त्यावर पीककर्ज, वाटणी, भूसंपादनाचा मोबदला अवलंबून असतो. २०१७ साली राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातील सातबारा गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचायचा, हरकती घ्यायच्या, हस्तलिखिताशी ताडून पाहायचे. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५५ चा आधार घेतला गेला. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

१९/
चावडीवर झालेले ते वाचन आणि इंदापूरच्या शिवारात साखळी टाकून झालेली फेरमोजणी, यांचे नाते जवळचे आहे. दोन्ही ठिकाणी कागद जमिनीपुढे नेऊन उभा केला गेला. प्रिंगलने जमीन कागदात बसवली होती. जिथे बसली नाही तिथे माणसांना गाव सोडावे लागले.

२०/
इंदापूरच्या या अनुभवातून हाती येते ते थोडक्यात असे. नोंदव्यवस्था बंद पडली की ती सक्तीने चालवू नये. जुने दप्तर नष्ट करू नये, कारण बिघाडाची साक्ष तेच देते. एकेक थर सुटा करून तपासावा. दुरुस्ती आधी एका ठिकाणी पारखावी. आणि ती पुरी झाली असे वाटेल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारावा: या वहीत कोणता रकानाच नाही? १८३६ साली हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर ३९ वर्षांनी सुप्याच्या बाजारात मिळाले.